आप्पांचा तीळ, आईचा वांग आणि नाशिकचं ऊन

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं नीट लागेल. आप्पा ६३ वर्षांचे, निफाडकडे द्राक्षबाग, सगळा जन्म उन्हात गेला. नाकाच्या डाव्या बाजूला काळा तीळ आहे, तीनेक वर्षं झाली, हल्ली त्याला खपली धरते आणि दाढी करताना रक्त येतं. आईच्या दोन्ही गालांवर वांग, म्हणजे काळपट डाग. भाऊ मेलबर्नला असतो, तो फोनवर सांगतो की सगळ्यांनी रोज एसपीएफ ५० ची सनस्क्रीन लावा नाहीतर स्किन कॅन्सर होईल, आणि आप्पा म्हणतात आम्ही काळी माणसं, आम्हाला ऊन काय करतंय. मग ऐकायचं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी तीळ, बाकीचं नंतर निवांत वाचा. साठीनंतर नाकाजवळ, डोळ्याखाली किंवा गालावर आलेला काळा चकचकीत फोड किंवा तीळ, जो हळूहळू वाढतोय, मध्येच खपली धरतो, खपली पडते, जरा रक्त येतं, बरा झाला असं वाटतं आणि महिन्याभरात परत तेच, असं काही असलं की डॉक्टर म्हणून मी वाट बघत नाही. आपल्या सावळ्या कातडीत बेसल सेल कार्सिनोमा नावाचा जो कॅन्सर होतो तो बऱ्याचदा असाच काळा असतो, म्हणून लोक त्याला तीळ समजून वर्षानुवर्षं सोडून देतात. नीट उजेडात बघितलं तर त्याची कड जरा उचललेली, मोत्यासारखी चमकणारी दिसते, आणि मध्ये खळगा. आता आप्पांचं तेच आहे असं मी न बघता सांगणार नाही, कदाचित वयाचा साधा मस असेल आणि वस्तऱ्यानं सारखा खरचटत असेल, पण हे ठरवायला डर्मोस्कोपनं, म्हणजे कातडी बघायच्या भिंगानं, बघावं लागतं आणि गरज वाटली तर छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. पंधरा दिवसांच्या आत स्किनच्या डॉक्टरकडे न्या. नाशिकला खाजगीत जायचं नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात न्या, तिथेही हे रोजचं काम आहे.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण गावात कोणी ना कोणी आप्पांना सांगणारच, की सुई लावली, कापलं की कॅन्सर पसरतो. असं होत नाही हो. बेसल सेल हा तर सहसा अंगभर पसरतच नाही, वेळेत काढला तर बहुतेक वेळा कायमचा जातो. पण सोडून दिला तर तो तिथल्या तिथे खात जातो, नाकाची पाळी, पापणी, आतलं हाड, आणि मग ऑपरेशन मोठं होतं. या एका गैरसमजापायी चार-पाच वर्षं उशिरा आलेली माणसं मी बघितलीत, दर वेळी वाईट वाटतं कारण पहिल्या वर्षी ते अर्ध्या तासाचं काम होतं.

आता भाऊ आणि आप्पांचा वाद.

आप्पा म्हणतात त्यात तथ्य आहे. कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो, तो पेशीच्या केंद्रकावर अक्षरशः छत्री धरल्यासारखा बसतो आणि खालच्या डीएनएवर पडणारं अतिनील ऊन अडवतो. १९७९ साली अमेरिकेत मोजून बघितलं होतं, यूव्हीबी म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण गोऱ्या माणसाच्या वरच्या थरातून साधारण २४ टक्के आत उतरतात आणि काळ्या माणसाच्या थरातून ७ टक्क्यांच्या आसपास. आपण मराठी माणसं या दोघांच्या मध्ये कुठेतरी, कोणी जास्त गोरा कोणी जास्त काळा. त्यामुळे भारतात त्वचेचा कॅन्सर एकूण कॅन्सरच्या मानाने खूप कमी दिसतो.

भाऊ म्हणतो तेही उगाच नाही, तो जिथे राहतो तिथे गोऱ्या कातडीची माणसं तिखट उन्हात राहायला गेली, आणि ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडमध्ये मेलॅनोमाचं, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींच्या घातक कॅन्सरचं, प्रमाण जगात सगळ्यात जास्त आहे. तिथे १९८१ पासून शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालू आहे. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बॉर गावात १६२१ माणसांवर १९९२ पासून साडेचार वर्षं अभ्यास केला, अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला दिली आणि बाकीच्यांना त्यांच्या मनाप्रमाणे करू दिलं, तर रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल कॅन्सर, हा त्वचेच्या कॅन्सरचा आणखी एक प्रकार, साधारण ४० टक्क्यांनी कमी निघाले. म्हणजे सनस्क्रीन काम करते, यात शंका नाही. फक्त तो अभ्यास गोऱ्या कातडीवरचा आहे, तो जसाच्या तसा निफाडच्या माणसावर लावता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे ऊन कातडीचं नुकसान करतं, भरपूर करतं, पण कॅन्सर शोधायला मात्र आपण चुकीच्या जागी बघतो. चेहऱ्याला क्रीम चोपडतो आणि तळपाय कधी बघत नाही. याच्यावर खाली सविस्तर लिहितो, आधी ऊन.

उन्हाबद्दल लोकांचा मोठा घोळ म्हणजे उकाडा आणि अतिनील किरण एकच समजतात. उकाडा दुपारी तीन-चारला जास्त वाटतो, पण यूव्ही सगळ्यात जास्त असतं ते सूर्य डोक्यावर असताना, आणि आपल्या नाशिक-मुंबई-पुण्याकडे सूर्य डोक्यावर येतो साडेबारा ते पाऊणच्या सुमारास. मे महिन्यात तर तो अगदी माथ्यावर येऊन शून्य सावलीचा दिवसही येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ११ च्या वर सहज जातो आणि ११ च्या पुढे म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने अतितीव्र. शेतकऱ्याला ॲप बघायची गरज नाही, स्वतःची सावली बघायची, सावली आपल्यापेक्षा लहान झाली की ऊन कातडीला खातंय असं समजायचं. थंडीत वारा गार असला तरी अकरा ते दोनचं ऊन लागतंच, पातळ ढगातूनही बरंच यूव्ही खाली येतं, आणि जे हिमालयात ट्रेकला जातात त्यांनी तर जपायलाच हवं, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परत वर फेकतो, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खाली भाजून येणारी पोरं दर उन्हाळ्यात येतात माझ्याकडे.

आप्पांच्या कामाचं बघा. एप्रिलची खरड छाटणी. मांडवावर एक पान राहत नाही, सावली शून्य, आणि माणूस हात वर करून, मान मागे टाकून तासन् तास उभा. ऊन थेट चेहऱ्यावर, ओठावर, गळ्यावर. आणि डोक्यावर काय, तर गांधी टोपी. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांनी टोपी काढली की कपाळावर सरळ रेघ दिसते, वर एक रंग आणि खाली वेगळा, रापून तांबूसकाळा झालेला. टोपीने डोकं झाकलं पण कान, नाक, गाल, मान सगळं उघडं. मानेची मागची कातडी बघा, जाड झालेली, आडव्या-उभ्या खोल रेघा, चौकटी पाडल्यासारखी, ती वयाने झालेली नाही, उन्हाने झालीय. पटत नसेल तर आप्पांच्या दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बघा, तीही ६३ वर्षांचीच आहे, पण किती मऊ आहे.

म्हणून आप्पांसाठी मी पहिल्यांदा सनस्क्रीन लिहून देणार नाही. घामाने निथळणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी क्रीम परत लावा म्हणणं म्हणजे नुसतं लिहायचं म्हणून लिहिणं. त्यांना रुंद काठाची टोपी द्या, चारी बाजूंनी चार बोटं तरी काठ हवा, किंवा मोठा पंचा असा बांधायचा की कान आणि मान झाकली जाईल. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, जरा गडद रंगाचा शर्ट. पातळ पांढरं सुती कापड गार वाटतं पण त्यातून बरंच ऊन आत जातं, आणि ओलं झालं की आणखी जास्त. कापड उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसलं तर ऊनही आरपार जाणार. शेतात मजुरीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात आणि डोक्यावरून कानांसकट रुमाल बांधतात ना, त्यांना कोणी शिकवलं नाही पण उन्हापासून बचावाचा तो उत्तम पोशाख आहे. जमलं तर साडेअकरा ते अडीच बागेत काम नको, सकाळी लवकर सुरू करा. सनस्क्रीन फक्त नाक, गाल, कान आणि खालच्या ओठाला, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा, एवढं जमलं तरी मी खूश.

खालचा ओठ विसरू नका. तो सूर्याकडे तोंड करून असतो, त्यात मेलॅनिन कमी, आणि तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर दोन्ही मार एकाच जागी. ओठ कायम सोलवटलेला, पांढुरका, एका जागी कडक लागतोय आणि महिनाभर व्हॅसलीन लावूनही भरत नाही, तर दाखवा. गॉगलही वापरायला सांगा, डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढतं त्याचं एक मोठं कारण ऊनच, शेतकरी आणि कोळी लोकांत खूप दिसतं, मोतीबिंदूलाही हातभार लागतो.

आता आईचा वांग. इथे मात्र सनस्क्रीन हेच औषध आहे. वांगाच्या क्रीम कितीही भारी आणा, ऊन अडवलं नाही तर सगळं पाण्यात. आणि वांगाला नुसतं यूव्हीबी नाही तर यूव्हीए म्हणजे कातडीत जास्त खोल जाणारे अतिनील किरण आणि डोळ्याला दिसणारा साधा उजेडसुद्धा वाढवतो, म्हणून आईला टिंटेड म्हणजे मातकट रंगाची सनस्क्रीन घ्या ज्यात आयर्न ऑक्साईड असतं, ती उजेडही अडवते, आणि पांढरट क्रीमसारखा भुरका थर पण दिसत नाही. एसपीएफ ३० च्या वर, पीए (यूव्हीए किती अडवते त्याची खूण) तीन किंवा चार प्लस असलेली कुठलीही चालेल, महाग म्हणजे चांगली असं नाही. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवते आणि ५० अडवते ९८, म्हणजे आकड्यात फारसं काही नाही. फरक पडतो तो किती लावता याने. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलीग्रॅम लावून काढलेले असतात आणि आपण लावतो त्याच्या पाव ते निम्मं.

मी क्लिनिकमध्ये बायकांना माझ्यासमोरच लावायला सांगतो. ट्यूब दिली की वाटाण्याएवढी घेतात, पाच ठिकाणी ठिपके ठेवतात, झालं. मग मी तर्जनी आणि मधलं बोट पुढे करायला लावतो आणि दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत पट्टी काढून देतो, एवढी चेहरा आणि मानेला, तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच की डॉक्टर एवढी? हो, एवढी. दोन थरांत लावा, कान आणि मानेची बाजू धरून. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा नीट लावली तर सव्वा ते दीड महिन्यात संपते, तुमच्या घरी ती सहा महिने पुरत असेल तर ती लावून न लावल्यासारखीच आहे. घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायची आणि उन्हात असाल तर दोन तासांनी परत. आई घरात असली तरी खिडकीजवळ बसते का बघा, साधी काच यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बरंच आत सोडते. गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा असतो, कधी एखाद्या ड्रायव्हरला दोन्ही हात जवळ ठेवायला सांगा, लगेच दिसेल.

आणि कळकळीने विचारतो, आई आत्ता वांगावर काय लावतेय? मेडिकलवाल्याने दिलेली, शेजारणीने सांगितलेली, पंधरा दिवसांत गोरं करणारी ट्यूब असेल तर तिच्या बॉक्सवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं नाव आहे का बघा. ही स्टिरॉइड आहेत. पहिले पंधरा-वीस दिवस चेहरा उजळतो, बाई खूश, मग सोडली की लाल होतो, आग होते, पुरळ येतात, कातडी पातळ होऊन बारीक शिरा दिसतात, लव वाढते आणि वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत येतो. २०१८ साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केला, तरी काउंटरवर मिळतातच. रोज दोन-तीन तरी चेहरे असे येतात माझ्याकडे आणि सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात जास्त धीर देणं या बायकांसाठी लागतं. आई लावत असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवून हळूहळू उतरवा. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणंही नको, लिंबाच्या रसात असं द्रव्य असतं की त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि डाग महिनोन् महिने राहतात. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसतात तेही तसंच, अंदाज चुकला की टचकन फोड येतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी डॉक्सीसायक्लिन देतात, या गोळ्यांनीही ऊन जास्त बाधतं, तेव्हा कोणाला अचानक उन्हाची ॲलर्जी सुरू झाली तर आधी गोळ्यांची पाकिटं बघा. आप्पांना हात-मान खाजत असेल तर बांधावरचं गाजर गवत पण बघा, त्याच्या ॲलर्जीत उघड्या जागाच लाल होतात आणि लोक उन्हाला दोष देतात.

व्हिटॅमिन डीचं विचारतील म्हणून एवढंच, आप्पा दिवसभर बाहेर असतात, त्यांना चेहऱ्यावर क्रीम लावल्याने कमतरता होणार नाही, आणि आईला कमी निघालं तर गोळी स्वस्त आहे, त्यासाठी गाल उन्हात धरायची गरज नाही.

आता तळपाय. सावळ्या माणसाला मेलॅनोमा झालाच तर तो बऱ्याचदा जिथे ऊन पोचत नाही तिथे होतो, तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ली, त्याला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर निघाला आणि १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी तो गेला. आपल्याकडे तळपायावर काळा डाग दिसला तर म्हणतात काटा मोडलाय, कुरूप आहे, बिब्बा लागलाय, आणि कुरुपाची पट्टी लावत राहतात. काट्याने किंवा मुका मार लागून साकळलेलं रक्त काही आठवड्यांत वर सरकतं, फिकं होतं, नखाखालचं असेल तर नखाबरोबर पुढे जातं. जो डाग पुढे सरकत नाही, कड वेडीवाकडी आहे, रंग एकसारखा नाही, वाढतोय, किंवा चिघळतोय, तो दाखवायचा. एकाच नखात काळी उभी पट्टी आली, रुंद होत चालली, आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर थांबायचंच नाही. दहाही नखांत बारीक काळसर रेघा असतील तर घाबरू नका, आपल्या कातडीत ते खूप सर्रास आहे, कधी बी १२ कमी असल्यानेही होतं.

दुसरी जागा म्हणजे जुने व्रण. एक मावशी आल्या होत्या माझ्याकडे, लहानपणी चुलीवर पोटरी भाजलेली, चाळीस वर्षांचा गुळगुळीत ताणलेला व्रण, त्यात वर्षभर एक जखम, फुलकोबीसारखी वर आलेली, वास येणारी. वर्षभर घरीच हळद आणि मलम चालू होतं. स्क्वेमस सेल कॅन्सर निघाला. पाय वाचला त्यांचा, पण थोडक्यात. भाजल्याचा व्रण, कुष्ठरोगानंतर बधिर पायाला राहिलेली जखम, वर्षानुवर्षं वाहणारा नाडीव्रण म्हणजे आतून पू येत राहणारी नळीसारखी जखम, यात कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून माणूस सवयीने दुर्लक्ष करतो. जुन्या व्रणात नवीन जखम झाली आणि दीड महिन्यात भरली नाही तर तुकडा तपासलाच पाहिजे. कमरेचंही तसंच. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. खानोलकरांनी सहलेखिका सूर्याबाईंबरोबर १९४५ सालीच धोतर कमरेला घट्ट बांधून होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय, परकराच्या नाडीखाली बायकांनाही होतो. तुमच्या आईच्या, आजीच्या कमरेवर काळा, खडबडीत पट्टा असेल तर नाडी सैल करा, बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, रोज बांधायची जागा जरा वर-खाली करा, आणि भेग पडून भरत नसेल तर लाजू नका, दाखवा.

ज्यांना खरंच भावाच्या मेलबर्नएवढं जपायला हवं अशी माणसं आपल्याकडेही आहेत. ज्या मुलांच्या अंगात जन्मतः रंगच नसतो, केस पांढरे, डोळे उजेडाला मिटणारे, त्यांना पहिल्या वर्षापासून पूर्ण कपडे, टोपी, सनस्क्रीन लागते, नाहीतर विशी-तिशीतच कॅन्सर होऊ शकतो. शाळेत त्या मुलाला मैदानावर उभं करू नका हे शिक्षकांना आई-बापांनी लेखी द्यावं. आणि किडनी बदललेले पेशंट, ज्यांना प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या आयुष्यभर चालू असतात, त्यांनीही.

तर आप्पांना घेऊन जाल तेव्हा आदल्या दिवशी दाढी करू देऊ नका, खपली नखाने काढू देऊ नका, आणि तिळाचे जुने फोटो असतील, लग्नातले, आधार कार्डासाठी काढलेले, कुठलेही, ते मोबाईलमध्ये घेऊन जा, तीन वर्षांपूर्वी केवढा होता हे त्यावरून लगेच कळतं. आहेत त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. तीळ बघून झाला की आप्पांना चपला काढून टेबलावर पाय वर घ्यायला सांगा, डॉक्टर गडबडीत असले तर तुम्हीच म्हणा, जरा तळपाय आणि नखं पण बघता का. तुकडा काढला तर रिपोर्टची तारीख विचारून घ्या आणि रिपोर्ट स्वतः जाऊन आणा, शेतीच्या घाईत तो लॅबमध्येच पडून राहतो.